जुनं नाशिक पायी, खात-खात: मार्ग सुचवा

मुलुंडची_मृण्मयी

ऑगस्टमध्ये बहिणीकडे नाशिकला येतेय. एक शनिवार पूर्ण मोकळा आहे. बहीण गंगापूर रोडला राहते. तिच्या मते नाशिकचं खाणं म्हणजे गाडी काढायची, मळ्यातल्या मिसळीला जायचं, झोपाळ्यावर फोटो काढायचे आणि ट्रॅफिकला शिव्या देत परत यायचं. मळे बघून झालेत. मला जुन्या गावात पायी फिरायचंय आणि वाटेत थोडं थोडं चाखायचंय. नेटवर फिरून फिरून त्याच दहा दुकानांची यादी येते. कुठलं दुकान कशाच्या शेजारी, कधी जावं, याचा पत्ताच नाही.

सोबत बाबा आहेत: वय ७२, शाकाहारी, साखर आहे, चालायला ठणठणीत, पण मधूनमधून टेकायला जागा हवी. आणि १४ वर्षांचा भाचा, जो कारलं सोडून सगळं खातो. आम्ही शुक्रवारी रात्री नाशिकरोडलाच आत्याकडे उतरणार, सकाळी तिथूनच निघू.

आठवा_मजला

मेन रोडला जा, सायंताराचा साबुदाणा वडा खा. विषय संपला.

सिडकोवासी

आठव्या मजल्यावरून तेवढंच दिसत असणार. 😀

मृण्मयीताई, जुन्या गावाचं कौतुक ऐकाल आता पन्नास लोकांकडून. मी नंतर येतो माझं घोडं घेऊन.

तिवंध्याची_तायडी

मृण्मयी, माझं माहेर तिवंध्यात, म्हणजे जुन्या गावातच. दिवाळी-गणपतीला जाणं होतंच, त्यामुळे हे ताजं आहे असं समज.

पहिलं म्हणजे दुकानांची यादी बाजूला ठेव आणि घड्याळ बघ. आमच्याकडे तीच गल्ली सकाळी एक खायला घालते, चारला दुसरं आणि रात्री नऊला तिसरंच. बाहेरचे लोक दुपारी दोनला मिसळ शोधत येतात, तळाचा रस्सा खातात आणि मग नेटवर लिहितात की नाशिकची मिसळ उगाच गाजलीय.

आता मार्ग. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीचा मार्ग उलटा चाल. मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते. पुढे फुले मार्केट, दादासाहेब फाळके रोड, बादशाही कॉर्नर, गाडगे महाराज पुतळा, धुमाळ पॉइंट, सांगली बँक, एम. जी. रोड, मेहेर, अशोकस्तंभ, रविवार कारंजा, मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा आणि मग नदी. हा रस्ता कुणी खाण्यासाठी आखलेला नाही, पण गावातले सगळे समाज त्याला लागून राहतात. मोहल्ले, बागवान, तांबट, कापडवाले, सराफ, पुजारी, सगळ्यांची चूल त्याच्या आजूबाजूला. मिरवणूक भद्रकालीकडून नदीकडे येते. खाणाऱ्याला मात्र उलटं सोयीचं, कारण नदीकाठ पहाटे जागा होतो आणि भद्रकाली दिवेलागणीनंतर.

सकाळी सातच्या आत रामकुंडावर ये. खायला नाही, बघायला. अख्ख्या देशातून लोक दशक्रियेला, अस्थी घेऊन, पूजेला आलेले असतात, आणि काठावरचं खाणं त्यांच्या भाषेत बोलतं. पुरीभाजीची गाडी हिंदीत ओरडते, नाश्त्याच्या हॉटेलात गुजराती पाटी, दक्षिणेकडच्या यात्रेकरूंसाठी इडली. यातलं काहीच 'नाशिकचं' म्हणून कुणी सांगणार नाही, पण पंचवटी शेकडो वर्षं याच पाहुण्यांवर जगते. बाबांना तिथे चहा पाज. काळाराम मंदिर चार पावलांवर आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी ज्याच्या दारात सत्याग्रह सुरू केला ते हेच, भाच्याला सांग. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं.

मग वर चढून पंचवटी कारंजा. इथे अंबिकाची मिसळ. आठ वाजेपर्यंत पोहोचलात तर बसायला जागा मिळेल. तिघांत दोन प्लेट घ्या, दिवस मोठा आहे.

तिथून मालेगाव स्टँड आणि होळकर पूल. माझी आजी शेवटपर्यंत त्याला व्हिक्टोरिया पूलच म्हणायची. पूल ओलांडला की रविवार कारंजा. इथे मिरवणुकीचा मार्ग सोड! अशोकस्तंभ ते एम. जी. रोड हा पट्टा मोबाइलची कव्हरं घ्यायची असतील तर चांगला. तू सरळ सरकारवाड्याकडे वळ आणि सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल या गल्ल्यांत शीर. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून हातगाडी आली तर तुम्हाला कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर चढावंच लागतं, आणि मग दुकानदार "या ताई" म्हणतोच. तिथे गरम जिलेबी बघ. बुधा हलवाईचं नाव विचारलंस तर कुणीही सांगेल.

दुपारी एक ते चार काही खाऊ नका. खरंच. बाबांना वाचनाची आवड असेल तर सार्वजनिक वाचनालयात घेऊन जा, १८४० सालची संस्था आहे. नाहीतर कालिदास कलामंदिराच्या आसपास टेकायला जागा शोधा.

चारनंतर मेन रोड. आठव्या मजल्याचा साबुदाणा वडा इथे, चारनंतर, दाण्याच्या चटणीबरोबर. पुढे भेळभत्ता. आणि संध्याकाळनंतरचा भाग मी सांगणार नाही, त्यातलं मला अर्धंच माहितीये. बागवानपुऱ्याचे दादा आहेत ना इथे?

दंडीमार

तायडी, छान लिहिलंत. पण हे 'जुनं गाव जुनं गाव' मला नेहमी जरा गोडगोड वाटतं. उघडी गटारं, गायी, हॉर्न, आणि एका नावाजलेल्या ठिकाणी (नाव लिहीत नाही) माझ्या प्लेटीत आलेलं तेल सकाळपासून तेच होतं. ७२ वर्षांच्या माणसाला तिथे चालवायचं? बहिणीचं ऐका, मळ्यात जा. निदान हात धुवायला जागा असते.

तिवंध्याची_तायडी

@दंडीमार गटाराचं मान्य. तेलाचं असं आहे की कढईकडे बघायचं. तेल काळं असेल, फेस येत असेल तर पुढे चालायचं. जुन्या गावात पुढचं दुकान वीस पावलांवर असतं, ही तुमच्या मळ्यात नसलेली सोय. आणि ७२ वर्षांची माणसं त्या गल्ल्यांत रोज भाजी आणायला जातात हो.

कांदेबाई

मिसळीचा विषय निघालाय आणि कुणी भांडलं नाही अजून? मी सुरू करते.

नाशिकच्या मिसळीला 'पुणेरीपेक्षा तिखट, कोल्हापुरीपेक्षा सौम्य' असं म्हणणाऱ्यांनी ती नीट खाल्लेली नाही. फरक तिखटाचा नाहीच, मसाल्याचा आहे. आमच्याकडे कांदा आणि सुकं खोबरं पार काळसर होईपर्यंत भाजतात, त्यात खडा मसाला. रस्सा वेगळ्या वाटीत येतो आणि तो मटकीवर किती ओतायचा हे खाणाऱ्यानं ठरवायचं. सोबत दही आणि पापड. पापड मोडून रस्श्यात बुडवायचा, बाजूला शोभेला ठेवायचा नाही. अलीकडे ताटात जिलेबी, गुलाबजाम आणि काय काय येतं. तो मळ्यांचा शोध असावा.

आणि कांद्यावर लक्ष ठेवा. लासलगाव इथून दीड-दोन तासांवर असूनही भाव चढला की मिसळीवरचा कांदा पातळ होतो आणि त्यात हळूच कोबी शिरतो. बाजारभाव बघायला पेपर उघडायची गरज नाही.

गोदाकाठचा_गण्या

कांदेबाई, काळ्या रस्श्याचं एवढं कौतुक, पण नाशकात लाल रस्श्याची मिसळही तेवढीच चालते. सातपूरला श्यामसुंदरसमोर रविवारी उभे राहा, काळा की लाल हे कुणी विचारत नाही. आणि बारदान फाट्याच्या साधनाला चुलीचा धूर लागलेला असतो, त्याला काय म्हणाल?

कांदेबाई

@गण्या त्याला रांग म्हणते मी. तासभर भुकेलं ठेवलं की काहीही गोड लागतं.

मुलुंडची_मृण्मयी

तायडी, 🙏. मिरवणुकीचा मार्ग उलटा! बहिणीला वाचून दाखवलं तर म्हणते, "मी बारा वर्षं नाशिकमध्ये आहे, वाकडी बारव कुठे ते मला माहीत नाही."

दोन शंका. एक, ऑगस्ट आहे, पाऊस असेल, मग? दोन, बाबांच्या साखरेचं काय? ते "एकच जिलेबी" म्हणतात आणि नंतर हिशेब लागत नाही.

आणि हो, द्राक्षं मिळतील का वाटेत?

सिडकोवासी

ऑगस्टमध्ये द्राक्षं! ताई, बागेत आत्ता नुसता पाला असतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड येतात आणि जानेवारी ते एप्रिल खायला मिळतात. आत्ता जी दिसतील ती शीतगृहातली नाहीतर बाहेरची, मुलुंडलाच घ्या.

गोदाकाठचा_गण्या

पावसाचं मी सांगतो, कारण यात गंमत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाचा काठ पाण्याखाली जातो आणि काठावरच्या टपऱ्या आधीच उचललेल्या असतात. गावात पाणी मोजायची पद्धत म्हणजे दुतोंड्या मारुती, रामकुंडाजवळ नदीपात्रातली उंच मूर्ती. त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागलं अशा बातम्या येतात. कमरेच्या वर गेलं तर सराफ बाजाराच्या खालच्या अंगाचे दुकानदार माल वर हलवायला लागतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाणी थेट बाजारात आलं होतं. तेव्हा आदल्या रात्री विसर्गाची बातमी बघा. विसर्ग जास्त असेल तर रामकुंड वगळून सरळ पंचवटी कारंजावरून सुरुवात करा आणि दहीपुलाकडे उतरू नका.

नुसती रिपरिप असेल तर उलट उत्तम. भजी.

पेठरोड_पिंपळ

श्रावणात येताय तर एक गोष्ट कुणीच सांगितली नाही. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातल्या आदिवासी बायका सकाळी रानभाज्या घेऊन गावात येतात. कर्टुली, शेवगा-टाकळ्याचा पाला, कधी आळंबी. दुकान नसतं, रस्त्याच्या कडेला पोतं अंथरलेलं असतं आणि दहा-अकराच्या आत माल संपतो. शिजवायची रीत त्यांनाच विचारा, सांगतात. जमलं तर नागलीचं पीठ घ्या. (मुंबईकरांनो, तुमची नाचणी.) तयार खायला हे काही मिळणार नाही, पण बहिणीच्या घरी रात्री शिजवता येईल. नुसतं हॉटेलांतून हिंडलात तर जिल्ह्याचा अर्धा भाग तुमच्या ताटात येतच नाही, आणि तो अर्धा भाग डोंगरातला आहे.

भाव करू नका, प्लीज. वीस रुपयांच्या वाट्यासाठी ती बाई पहाटेची गाडी धरून आलेली असते.

गोड_पण_मधुमेही

बाबांसाठी, अनुभवी माणसाकडून. जिलेबी शेवटी नाही, मिसळीनंतर लगेच एक, आणि ती भाच्याच्या प्लेटीतून. स्वतःची प्लेट आली की संपते. साबुदाणा वडा साखरवाल्यांना तसा बेताचाच, एक पुरे. शनिवारी उपास करत असतील तर भगर मागा. भगरीच्या गिरण्या नाशकात भरपूर, इथून माल लांबलांब जातो. पण भगर खाताना गरम आणि ताजीच, पावसाळ्यात पीठ जुनं असेल तर त्रास होतो, म्हणून जिथे खप जास्त अशा हॉटेलातच.

चहा बिनसाखरेचा मागितला तर टपरीवाला तुमच्याकडे दयेनं बघेल. बघू द्या.

बागवानपुरा_वाला

तायडीनं हाक मारली म्हणून आलो. ताई, सलाम.

बादशाही कॉर्नर ओलांडलात की इकडचा इलाका. भद्रकाली, दूध बाजार, चौक मंडई, कोकणीपुरा, बागवानपुरा. संध्याकाळी सातच्या आधी येऊ नका, शेगड्या पेटलेल्या नसतात. शीग, भेजा, खिमा, पाव. बिर्याणी डेगमधून (मोठ्या हंड्यातून) किलोवर तोलून देतात तिथे अर्धा किलो तिघांत जास्त होईल. डेग उघडताना समोर उभे असाल तर मधली मागा, वरची कोरडी असते आणि तळाची तेलकट.

अब्बांना (म्हणजे तुमच्या बाबांना) मटणाच्या दुकानात ताटकळत उभं करू नका. चहाच्या हॉटेलात बसवा. खारी, नानखटाई, बिनसाखरेचा चहा. आमच्याकडे म्हातारी माणसं तिथे दोन-दोन तास बसतात, त्यांना सोबत मिळेल. तुम्ही आणि भाचा फिरून या.

एक गोष्ट तुम्हाला कुठल्याच दुकानात मिळणार नाही. कोकणी मुसलमानांच्या घरचं सांदण. तांदळाच्या रव्याचं, वाफवलेलं, नारळाच्या दुधाबरोबर किंवा सालनाबरोबर. माझ्या शेजारी दर ईदला होतं. नाशिक म्हटलं की लोक मिसळ आणि चिवडा म्हणतात, पण या गल्ल्यांत कोकण कधीच वर चढून आलंय.

विनंती एकच. बायका-मुलांकडे मोबाइल रोखून व्हिडिओ काढू नका. शेगडीचा काढा, कबाबचा काढा, माझा काढा. हल्ली कॅमेरेवाले येतात, खाण्याआधी कुणाला नावही विचारत नाहीत.

रमजानात आलात तर गोष्ट वेगळी, तेव्हा रात्रभर बाजार असतो आणि मालपुव्याची कढई उतरतच नाही. ऑगस्टमध्ये साधा दिवस असेल. साधा दिवसही चांगला असतो.

दंडीमार

बागवानपुरावाले, श्रावणात तुमच्याकडे गर्दी कमी होते का?

बागवानपुरा_वाला

@दंडीमार पहिल्या दोन आठवड्यांत थोडी. नंतर लोक तोंड लपवून येतात. पार्सल जास्त जातं. 😀

सिडकोवासी

आता माझं घोडं.

वरचं सगळं खरं, पण हे तीनशे वर्षांपूर्वी नाशकात आलेल्यांचं खाणं आहे. सातपूर-अंबडला कारखाने आले तेव्हा धुळं, जळगाव आणि कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) जी माणसं पोटासाठी आली, ती सिडकोत राहिली. त्यांचं खाणं पाहायचं तर पवननगर, त्रिमूर्ती चौक, उत्तमनगर या पट्ट्यात संध्याकाळी चाला. रस्ते रुंद, घरं एकसारखी, दिसायला काहीच नाही, त्यामुळे फोटोवाले फिरकत नाहीत. पण शेवभाजी खा. जाड तिखट शेव रस्श्यात ऐन वेळी पडली पाहिजे, आधी टाकली की लगदा. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. भरीत मात्र आत्ता मागू नका, ते हिवाळ्यात, जळगावकडची हिरवी-पांढरी मोठी वांगी आली की. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं आणि कांद्याच्या पातीबरोबर परतलेलं. गॅसवर भाजलेलं भरीत माझी आई घरात घेत नाही.

आणि अंबडच्या फाटकांबाहेर सुटीच्या वेळी बिहारी लिट्टी-चोख्याच्या गाड्या दिसतात. वीस वर्षांपूर्वी आमच्या शेवभाजीलाही लोक 'बाहेरचं' म्हणायचे.

मृण्मयीताई, शनिवार जुन्या गावाला द्या, हरकत नाही. रविवारी संध्याकाळी सिडकोत या. मांडे करणारी बाई मी शोधून ठेवतो. उलट्या खापरावर हातानं फिरवून टाकलेला पुरणाचा मांडा भाच्यानं एकदा बघितला की तो पिझ्झावाल्याकडे बघणार नाही.

आठवा_मजला

मी अजूनही म्हणतो, सायंतारा.

मुलुंडची_मृण्मयी

आठवा मजला, तुमचा वडा चार वाजता नक्की. 😀

सिडकोवासी, रविवार संध्याकाळ ठरली, बहिणीलाही ओढून आणते. बागवानपुरावाले, बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "मला दोन तास नको, तीन तास बसवा." आता नाशिकरोडहून सकाळी साडेसहाला पंचवटीत कसं पोहोचू ते सांगा. आत्या म्हणते रिक्षा परवडत नाही.

नाशिकरोडकर

सिटीलिंकची बस धरा, महापालिकेची, २०२१ पासून चालू आहे. 'निमाणी' पाटी बघा, ती पंचवटीतच सोडते, तिथून रामकुंड पायी. पहाटेच्या वेळा ॲपवर बघून निघा, सकाळी फेऱ्या विरळ असतात. सिंहस्थाच्या कामांसाठी कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतोच, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं हातात ठेवा. बहिणीला सांगा गाडी गंगापूर रोडलाच राहू दे. रविवार कारंजापाशी पार्किंग शोधणाऱ्या माणसाची भूक तिथेच मरते. रात्री परतीला शालिमारहून बस किंवा शेअर रिक्षा मिळेल.

आमच्या बाजूलाही देवळाली कॅम्प आहे, सिंधी, पारशी, गुजराती, लष्करी सगळं एकत्र. पण तो वेगळा धागा काढा, इथे घुसडू नका.

गोदाकाठचा_गण्या

तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आधीचा शनिवार असेल तर पुन्हा विचार करा. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला राज्यभरातून लोक येतात आणि शनिवारपासूनच पंचवटी, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) भरून जातं.

मुलुंडची_मृण्मयी

कॅलेंडर बघितलं, तो शनिवार नाही. बचावलो.

शेवटचं: चिवडा. ऑफिसात न्यायचाय. कोंडाजी सगळे सांगतात, पण प्रत्येक चौकात कोंडाजीची पाटी दिसते म्हणे.

कांदेबाई

पाटीवर जाऊ नका, चव बघूनच घ्या. दुकानदार हातावर देतो. पोहे हातात चुरडले तर भुगा व्हायला हवेत आणि कांदा करपलेला नाही, तांबूस हवा. नाशिकच्या चिवड्याची सगळी गंमत त्या वाळवून तळलेल्या कांद्यात आहे. पाकीट हलवून बघा, कांदा तळाशी बसलेला दिसतो. नसेल दिसत तर दुसरं घ्या. ऑफिसात द्याल तेव्हा वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू घाला आणि पाच मिनिटांत संपवा, नंतर चिवट होतो.

घरी करायचा विचार असेल तर मार्चपर्यंत थांबा. पातळ उभा चिरलेला कांदा कडक उन्हात चांगला वाळावा लागतो, ऑगस्टात त्याला नुसती बुरशी येते. आत्ता विकतचा घ्या आणि डबा घट्ट लावा.